पेनकिलर घेताय? आधी स्ट्रिप उलटी करून बघा

आमच्या आईचा गोळ्यांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कायम फ्रिजवर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चार दिवस खाली बसून चकल्या पाडल्या आणि गुडघ्यांनी संप केला, तेव्हा तिनं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिलेली एक गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आठवड्यानं फरक कमी वाटायला लागला म्हणून मग बहिणीनं अमेरिकेहून आणलेल्या बाटलीतली "तिकडची चांगली" गोळीपण मधूनमधून. हे सगळं हार्टसाठी रोजची छोटी ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी चालू असताना. शी काळी होतेय हे तिनं कुणाला सांगितलंच नाही, तिला वाटलं लोहाच्या गोळीमुळे असेल. एक दिवस बाथरूममधून बाहेर येताना चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ६.८. दुर्बीण घालून बघितलं तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त जात होतं.

डॉक्टरांनी मला घरी पिटाळलं, म्हणाले तो डबा आहे तसा घेऊन या. टेबलावर सगळं पसरलं आणि त्यांनी मेडिकलची स्ट्रिप, अमेरिकेची बाटली आणि ॲस्पिरिन अशा तिघी एका बाजूला सरकवल्या. "या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, नावं वेगळी आहेत फक्त." मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं, वय वर्षं ४१.

तर हे त्यानंतर शिकलेलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे उपचार म्हणून वाचू नका, मेडिकलमध्ये जाऊन "अंग दुखतंय, काहीतरी द्या" म्हणण्याआधी दहा मिनिटं काय बघायचं त्यासाठी वाचा. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाचं दोन-चार दिवसांचं दुखणं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. लहान मुलांचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांनाच विचारा, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

हाताशी काय हवं

- घरातल्या झाडून सगळ्या दुखण्याच्या गोळ्या, पर्समधल्या आणि गाडीच्या कप्प्यातल्यासुद्धा
- रोजच्या चालू औषधांची प्रिस्क्रिप्शन
- असेल तर शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट (किडनीचा) आणि बीपीचं रीडिंग
- फोनचा कॅमेरा, कारण स्ट्रिपवरची अक्षरं मुंगीएवढी असतात, फोटो काढून मोठा करायचा
- मार्कर पेन

१) नुसतं दुखतंय की सूज आहे ते बघा

आपण सगळ्यालाच पेनकिलर म्हणतो पण यात दोन वेगळी घराणी आहेत. एक पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे. ती ताप उतरवते, दुखणं कमी करते, पण सुजेवर तिचा म्हणावा असा परिणाम नाही. दुसरं घराणं सूज उतरवणाऱ्यांचं: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनामिक ॲसिड, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब आणि या सगळ्यांची आजी ॲस्पिरिन.

दुसरं घराणं काम कसं करतं हे थोडक्यात सांगतो कारण पुढचे सगळे धोके त्यातूनच येतात. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती सूज आणि दुखणं वाढवतात. या गोळ्या ती बनवणंच रोखतात. पण तीच रसायनं जठराचं आतलं अस्तर ॲसिडपासून सांभाळतात आणि किडनीकडचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. गोळीला काय माहीत कुठली ठेवायची आणि कुठली घालवायची, ती सगळीकडचीच रोखते. आपल्याकडे "गोळी गरम पडली" म्हणतात ना, त्यातलं बरंचसं हेच.

म्हणून साधा ताप, अंगदुखी, डोकेदुखी असेल तर सुरुवात पॅरासिटामॉलपासून करा (तिचीही मर्यादा आहे, ती पायरी ४ मध्ये). मुरगळलेला पाय, दातदुखी, पाळीतलं दुखणं, सुजलेला सांधा, इथे दुसऱ्या घराण्याचा खरा उपयोग होतो.

२) स्ट्रिप उलटी करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकी विसरलात तरी चालेल. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं, ते सोडून द्या. मागे इंग्रजीत बारीक अक्षरात आतलं औषध आणि किती एमजी ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

कॉम्बिफ्लाम उलटी केलीत तर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. फ्लेक्सॉनच्या मागे? तेच, आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे "कॉम्बिफ्लामनं गेलं नाही म्हणून फ्लेक्सॉन घेतली" म्हणणारा माणूस एकच गोळी दोनदा घेतोय. झेरोडॉल-पी म्हणजे ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. मेफ्टाल-स्पास, जी अर्ध्या मुलींच्या पर्समध्ये असते, तिच्यात मेफेनामिक ॲसिड २५० आणि पोटातला पीळ सोडवणारं डायसायक्लोमिन १०. ज्यांचे आईबाबा अमेरिकेला जाऊन-येऊन असतात त्यांनी एवढं पाठ करा: ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन, अलीव्ह म्हणजे नॅप्रोक्सेन, टायलेनॉल म्हणजे आपलं साधं पॅरासिटामॉल.

नियम एकच, एका वेळी सुजेच्या घराण्यातली एकच गोळी. दोन घेतल्या तर आराम दुप्पट मिळत नाही, पोटाचा आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. हार्टसाठी डॉक्टरांनी दिलेली ७५ ची ॲस्पिरिनपण या हिशोबात धरा, पण ती मनानं बंद करू नका, बंद करायची ती दुसरी. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या हार्टवरच्या कामात आडवी येऊ शकते, त्यामुळे ॲस्पिरिनवाल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

इथले सापळे:

- कापलेली स्ट्रिप. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो, नाव आणि एक्स्पायरी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात आणि आपल्या हातात नुसते चांदीचे चार बुडबुडे. नाव असलेला तुकडा मागून घ्या, देतात. नाहीच मिळाला तर तिथेच उभं राहून पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढा.
- पुडी. गावाकडे अजूनही कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या तीन सुट्या गोळ्या मिळतात, "एक डोस घ्या, उद्या पळायला लागाल." त्यात काय आहे ते देणाराच जाणे, आणि एका डोसात चमत्कार झाला तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी. स्टेरॉइड आणि या गोळ्या एकत्र म्हणजे अल्सरला आमंत्रण.
- नावापुढची अक्षरं. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी, ती तोडायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. एमआर लिहिलं असेल तर बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषध सोबत असतं, झोप येते, ती घेऊन टू-व्हीलर काढू नका.

आणि हो, "मेडिकलवर मिळते म्हणजे साधीच असणार" हा आपला गोड गैरसमज. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनामिक ॲसिड ही कायद्यानं शेड्यूल एच मधली औषधं आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसते ना, ती त्याचीच खूण. मिळतात सर्रास, ती गोष्ट वेगळी.

३) आपण घ्यावी की नाही ते तपासा

खालीलपैकी काही असेल तर सुजेच्या घराण्यातल्या गोळीसाठी मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरांकडे जायचं.

पावसाळ्यातला ताप. हे पहिलं लिहितोय कारण दर वर्षी जुलै ते नोव्हेंबर लोक हीच चूक करतात. ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखं अंग, म्हणजे डेंग्यू असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि या गोळ्या (ॲस्पिरिनसकट) रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवतात. तपासणीत डेंग्यू नाही असं कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर. "अंग फार दुखतंय म्हणून एकच कॉम्बिफ्लाम" हेसुद्धा नको.

आधी अल्सर झालाय किंवा पोटातून रक्त गेलंय, किडनीचा आजार आहे, हार्ट अटॅक, पॅरालिसिसचा झटका किंवा हार्ट फेल्युअर झालंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे) चालू आहेत, या सगळ्यांना मनानं घ्यायला बंदी. दम्याच्या काही पेशंटना या गोळ्यांनी धाप लागते, ज्यांना आधी एकदा असं झालंय त्यांनी पूर्ण घराण्यालाच लांबून नमस्कार. गरोदरपणात पाचव्या महिन्यापासून (२० आठवड्यांनंतर) बाळाच्या किडनीवर परिणाम होऊ शकतो म्हणून टाळायच्या, आणि त्याआधीही विचारूनच. वय ६५ च्या पुढे असेल तर बाकी काही आजार नसला तरी धोका जास्तच असतो.

बीपीवाल्यांसाठी जरा सविस्तर. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा नावांची बीपीची गोळी, त्यासोबत लघवी जास्त करणारं औषध (बऱ्याचदा बीपीच्याच गोळीत एकत्र असतं, नावापुढे एच लावलेलं दिसेल), आणि वरून सुजेच्या घराण्यातली गोळी, ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर तिहेरी भार पडतो. त्यात उन्हाळा, जुलाब किंवा दिवसभर शेतात राबून पाणी कमी प्यायलेलं असेल तर किडनी अचानक बसू शकते. वारीत मी हे डोळ्यांनी बघतो. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी सत्तरीची माणसं, घामानं निथळलेली, पाणी मोजकं कारण वाटेत लघवीची सोय नसते, आणि मुक्कामाला पोचल्यावर पाय दुखतात म्हणून दोन गोळ्या. आईचं क्रिएटिनिनही त्या वेळी वर गेलं होतं, नंतर उतरलं, ते नशीब.

गिधाडांची गोष्ट ऐकली असेल. आपल्याकडची गिधाडं नव्वदच्या दशकात भराभर संपत गेली, कारण सापडेना, आणि २००४ मध्ये जाहीर झालं की गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, मान्य, पण "गोळीच तर आहे" असं कुणी म्हणालं की मला ते आठवतं.

४) किती, कधी, कशासोबत

आयबुप्रोफेन: मोठ्या माणसाला एका वेळी २०० ते ४००, दोन डोसांत सहा ते आठ तासांचं अंतर, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसात १२०० एमजीच्या वर नाही. म्हणजे ४०० वाल्या तीन झाल्या की त्या दिवसाचा कोटा संपला. आधी २०० नं भागतंय का ते बघा, बऱ्याचदा भागतं.

पॅरासिटामॉल: दिवसात ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की ३९०० होतात, म्हणजे काठावर. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू असेल तर बरंच खाली थांबायचं. गंमत म्हणजे कॉम्बिनेशनच्या गोळीत हे आधीच असतं हे लक्षात येत नाही, मग कॉम्बिनेशन तीन, वर तापासाठी ६५० च्या चार, शिवाय सर्दीच्या गोळीतलं वेगळंच, आणि बेरीज कुणीच करत नाही.

जेवणानंतर घ्या, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं होऊ नका. उपाशीपोटी नको. आमच्याकडे आईचे सोमवार, चतुर्थी, एकादशी मोजली तर महिन्याचे आठ-नऊ दिवस उपासातच जातात, आणि गोळ्या मात्र वेळेवर कडक चहासोबत. गोळी घ्यायचीच आहे तर थोडी भगर किंवा केळं-दूध खाऊन घ्या, देव रागावत नाही. संध्याकाळी "बसायचं" असेल तर त्या दिवशी गोळी नको, दारू आणि ही गोळी दोन्ही जठरावरच उठतात.

किती दिवस? दुखण्यासाठी विचारल्याशिवाय जास्तीत जास्त दहा दिवस, तापासाठी तीन. माझं स्वतःचं मत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच फरक नसेल तर दहाव्याची वाट बघत बसू नका. डोकेदुखीवाल्यांना वेगळी सूचना, महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस या गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं आणि मग त्यासाठी परत गोळी.

५) ॲसिडिटीची गोळी म्हणजे चिलखत नाही

"सोबत पॅन घेतो ना" हे मी कितीदा ऐकलंय. पॅन्टोप्राझॉल, ओमेप्राझॉल जठराचं रक्षण बऱ्यापैकी करतात, जोखमीच्या पेशंटला डॉक्टर मुद्दाम देतात, आणि ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, पेनकिलरसारखी जेवणानंतर नाही. पण किडनी, बीपी आणि हार्ट यांना तिचा काडीचा उपयोग नाही. ताक, थंड दूध, सब्जा यांनी जळजळ शमेल, अल्सर थांबणार नाही. आणि अल्सर होताना जळजळ होतेच असंही नाही. आईला एकही दिवस पोटात दुखलं नव्हतं.

दुसरा समज, "इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही." औषध रक्तातूनच सगळीकडे जातं आणि जठराची रसायनं तिथूनही रोखली जातात, म्हणून दंडात टोचलं तरी अल्सर होऊ शकतो.

६) आधी मलम लावून बघा

गुडघा, बोटांचे सांधे, मुरगळलेला घोटा, अशा वरवरच्या दुखण्याला डायक्लोफिनॅकचं जेल चांगलं लागू पडतं आणि रक्तात औषध फार थोडं जातं. वयस्कर माणसांच्या गुडघ्यासाठी तर डॉक्टर आधी हेच सुचवतात. स्ट्रिपसारखी ट्यूबपण उलटी करून वाचा. लिहिलंय तेवढ्या वेळा नियमित लावा, एकदा चोळून "काही होत नाही" म्हणू नका, काही दिवस जाऊ द्या. जखमेवर नको, लावल्यावर वरून गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, हात धुवा नाहीतर डोळ्यात जातं. बऱ्याच मलमांत उग्र वासाचं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनचंच भावंड, वॉरफरिन चालू असलेल्यांनी ते भरमसाट चोळू नये.

७) कधी थांबायचं आणि कधी पळायचं

गोळी लगेच बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: पायावर सूज, लघवी कमी, अंगावर पुरळ. मेफेनामिक ॲसिडबद्दल २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशननं सावधानतेची सूचना काढली होती, ताप, पुरळ, गाठींना सूज अशी एक दुर्मीळ पण गंभीर रिॲक्शन येते आणि ती काही आठवड्यांनीसुद्धा येऊ शकते, त्यामुळे "ती गोळी तर मागच्या महिन्यात घेतली होती" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८: डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, छातीत दुखणं, एका बाजूला हातपाय लुळे पडणं, धाप, ओठ-चेहरा सुजणं. लोहाच्या गोळीनं शी काळपट होते हे खरं, पण ती डांबरासारखी चिकटत नाही आणि तसा वासही मारत नाही. शंका असेल तर तपासूनच घ्या, घरी लाजेनं गप्प बसू नका, आमच्याकडे त्या लाजेत पाच दिवस गेले. जाताना डबा सोबत न्या, आठवून सांगायच्या भानगडीत पडू नका.

रिॲक्शन आली तर ती कळवायला टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतःही कळवू शकतो.

८) डबा आवरा

यासाठीच तो मार्कर. प्रत्येक स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा: "सूज" किंवा "ताप". ज्यांच्यावर "सूज" लिहिलंय त्या सगळ्या एका पाकिटात, आणि पाकिटावर "एका वेळी एकच". नाव नसलेले तुकडे, एक्स्पायरी गेलेल्या, पुडीतल्या, सगळ्या गोळ्या स्ट्रिप-पुडीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्यात. मी झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर आईच्या रोजच्या औषधांची नावं, क्रिएटिनिन आणि तारीख, आणि खाली "मेडिकलमध्ये हे दाखव, मग माग." शेजारच्या काकूंनी त्याचा फोटो काढून नेला.

आई आता जेल लावते, रात्री, झोपताना. सकाळी लावायला तयार नाही, म्हणते त्या वासात देवपूजा कशी करू.